मॉडेड माइनक्राफ्टमध्ये वस्तूची एनर्जी आपोआप उतरत असेल तर दोष कसा शोधावा

जेटपॅक, ड्रिल, मॅग्नेट किंवा वायरलेस टर्मिनल यांसारखी एनर्जीवर चालणारी एखादी वस्तू वापर न करताही रिकामी होऊ लागली, की बहुतेक खेळाडू लगेच ज्या मॉडची, म्हणजे गेममध्ये नव्या गोष्टी भरणाऱ्या जोडफाइलची, ती वस्तू आहे त्या मॉडला दोष देतात किंवा शेवटी घातलेले मॉड काढून टाकतात. या घाईने कधीकधी काम होते. परंतु बऱ्याचदा दोष तसाच राहतो आणि काढलेल्या मॉडच्या वस्तू वर्ल्डमधून कायमच्या जातात. प्रस्तुत लेखात सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. कोणत्याही मॉडला हात लावण्याआधी एनर्जी दर टिकला, म्हणजे गेमच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, नेमकी किती उतरते हा आकडा काढावा, कारण निम्म्याहून अधिक तपास तो आकडाच पूर्ण करतो.

आमच्या गटाचा सर्व्हर कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या एका घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चालतो आणि शाहूपुरी, कळंबा, इचलकरंजी अशा ठिकाणांहून मुले त्यावर येतात. ‘भावा, जेटपॅक परत शून्यावर आला की!’ हा संदेश गटावर आला, की त्यानंतर करायची तपासणी ठरलेली आहे आणि तीच येथे क्रमाने मांडली आहे. सर्व सूचना जावा एडिशनची १.२०.१ ही आवृत्ती आणि फोर्ज हा मॉड चालवणारा लोडर गृहीत धरून दिल्या आहेत, १.२१.१ आणि निओफोर्ज (फोर्जमधून निघालेला वेगळा लोडर) वापरणाऱ्यांसाठी जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे. कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, गेममध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात.

सर्वांत आधी प्रत

तपासणी नेहमी प्रतीवर करावी, चालू वर्ल्डवर कधीही करू नये. गेम सुरू करण्यासाठी प्रिझम लॉन्चर वापरत असाल तर इन्स्टन्सवर, म्हणजे गेम आणि मॉड यांच्या एका स्वतंत्र मांडणीवर, राइट क्लिक करून त्याची संपूर्ण नक्कल काढता येते. मॉड, कॉन्फिग (सेटिंग्जच्या फाइली) आणि सिंगलप्लेअरची वर्ल्ड असे सगळे तिच्यात येते. सर्व्हरच्या बाबतीत स्टॉप ही कमांड देऊन सर्व्हर पूर्ण बंद होऊ द्यावा आणि मगच वर्ल्डचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करावे, कारण सर्व्हर चालू असताना घेतलेल्या प्रतीत काही फाइली जुन्या क्षणाच्या तर काही नव्या क्षणाच्या असू शकतात आणि अशा प्रतीवर केलेली एनर्जीची मोजणी विश्वासार्ह राहत नाही.

प्रत सिंगलप्लेअरमध्ये उघडून ‘ओपन टू लॅन’मधून चीट्स चालू केल्या, की पुढच्या सर्व कमांड वापरता येतात. मात्र चाचणी सर्व्हायव्हल मोडमध्येच करावी. क्रिएटिव्ह मोडमध्ये अनेक मॉड एनर्जीचा खर्च मोजतच नाहीत, त्यामुळे तेथे ‘सगळे ठीक आहे’ असा निष्कर्ष निघाला तर तो काहीच सांगत नाही.

एनर्जी खरोखर उतरते आहे का

हा प्रश्न बालिश वाटला तरी तो टाळू नये, कारण टूलटिपमध्ये, म्हणजे वस्तूवर माउस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत, दिसणारा आकडा आणि सर्व्हरवरचा खरा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूलटिप आणि वस्तूखालची रंगीत पट्टी आपल्या संगणकावरचा गेम, म्हणजे क्लायंट, काढतो. खरा हिशेब सर्व्हर ठेवतो. सिंगलप्लेअरमध्येही आतल्या आत एक सर्व्हर चालूच असतो, त्यामुळे हा भेद तेथेही लागू आहे.

खरा आकडा पाहण्यासाठी वस्तू हातात धरावी आणि ‘डेटा गेट एंटिटी’ या कमांडपुढे स्वतःसाठीचा सिलेक्टर, म्हणजे अ‍ॅट चिन्ह आणि त्याला चिकटून लहान लिपीतील एस, लिहून शेवटी ‘सिलेक्टेडआयटम’ हा शब्द द्यावा. या शब्दातील एस आणि आय ही दोन अक्षरे मोठ्या लिपीत असावी लागतात, अन्यथा कमांड काही सापडत नाही म्हणून परत येते. उत्तरादाखल चॅटमध्ये वस्तूचा सगळा मजकूर उलगडतो. बऱ्याच मॉडमध्ये त्यात ‘एनर्जी’ नावाच्या टॅगपुढे सरळ आकडा असतो. मेकॅनिझम या मॉडमध्ये तो ‘मेकडेटा’ या टॅगच्या आत, ‘एनर्जीकंटेनर्स’ या यादीत सापडतो. आवृत्ती १.२०.५ पासून वस्तूंचा हा मजकूर जुन्या टॅगऐवजी डेटा कंपोनंटमध्ये ठेवला जातो, त्यामुळे १.२१.१ वर मांडणी वेगळी दिसते. आकडा शोधण्याची रीत तीच राहते.

टूलटिप कमी दाखवते आणि कमांड पूर्ण दाखवते, असे झाले तर दोष केवळ दिसण्याचा आहे. जगातून बाहेर पडून पुन्हा आत आल्यावर पट्टी पूर्ववत होते, हे त्याचे दुसरे लक्षण. वस्तूवर माउस नेताच आकडा घटतो आणि पुन्हा लॉगिन केल्यावर भरतो, असा प्रकार दिसला तर टूलटिपमध्ये माहिती भरणाऱ्या मॉडकडे पाहावे. त्रासदायक असला तरी हा दोष निरुपद्रवी आहे.

आणखी एक छोटी खूण डोळ्यांनाच दिसते. हातातील वस्तूचा मजकूर बदलला, की गेम ती वस्तू नव्याने हातात घेतल्यासारखी दाखवतो. त्यामुळे दर टिकला एनर्जी बदलत असेल तर स्थिर उभे असतानाही हात सतत खाली-वर हलताना दिसतो. ड्रिल नुसते धरून उभे आहात, माउसला बोट लावलेले नाही आणि ड्रिलचे टोक पडद्याच्या कोपऱ्यात थरथरते आहे, तर कोणीतरी त्याच्या मजकुरात सतत लिहिते आहे असे समजावे. पुष्कळ मॉडकर्ते ही हालचाल मुद्दाम दाबून टाकतात, म्हणून हात स्थिर असणे हा निर्दोषपणाचा पुरावा मानू नये.

दर मोजण्याची रीत

माइनक्राफ्टचे जग सेकंदाला २० टिक या गतीने चालते, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. मॉडमधील जवळजवळ सर्व खर्च टिकच्या हिशेबाने लिहिलेले असतात, घड्याळाच्या नव्हे. संगणक दमला आणि एका टिकला ५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला, की सेकंदाला २० टिक पूर्ण होत नाहीत आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर केलेली मोजणी चुकते. आमच्यासारख्या जुन्या यंत्रावर हे नेहमीचेच आहे. ‘फोर्ज टीपीएस’ या कमांडने त्या क्षणीची गती पाहता येते.

यावर सोपा मार्ग म्हणजे ‘टाइम क्वेरी गेमटाइम’ ही कमांड. ती जग सुरू झाल्यापासून झालेल्या एकूण टिकची संख्या देते. मोजणी अशी करावी: आधी गेमटाइम विचारावा, लगेच वस्तूची एनर्जी विचारावी, मग सुमारे मिनिटभर काहीही न करता उभे राहावे आणि पुन्हा त्याच क्रमाने दोन्ही आकडे घ्यावेत. एनर्जीतील फरकाला टिकमधील फरकाने भागले, की दर टिकचा खर्च मिळतो. समजा, पहिल्या वेळी गेमटाइम ४,८१,२०० आणि एनर्जी ३,१२,००० एफई (फोर्ज एनर्जी हे एकक) होती, तर दुसऱ्या वेळी गेमटाइम ४,८२,४०० आणि एनर्जी २,६४,००० एफई आली. म्हणजे १,२०० टिकमध्ये ४८,००० एफई गेली, अर्थात दर टिकला ४० एफई. या गतीने ४,००,००० एफईची वस्तू १०,००० टिकमध्ये, म्हणजे पूर्ण गतीच्या जगात ८ मिनिटे २० सेकंदांत रिकामी होईल. ‘लवकर उतरते’ या तक्रारीपेक्षा ‘दर टिकला ४०’ ही तक्रार कितीतरी अधिक उपयोगी आहे.

मोजताना एककाकडे लक्ष असावे. फोर्ज एनर्जी म्हणजे एफई आणि जुन्या मॉडमधील आरएफ यांचे प्रमाण एकास एक धरले जाते, परंतु मेकॅनिझम आतून जूलमध्ये हिशेब करते आणि त्याच्या मूळ कॉन्फिगनुसार १ एफई म्हणजे २.५ जूल होतात. अ‍ॅटॉमिक डिसअसेम्ब्लर या अवजाराची १०,००,००० जूलची क्षमता एकाच्या पडद्यावर तशीच दिसते आणि ज्याने दाखवण्याचे एकक बदललेले आहे त्याला ती ४,००,००० एफई दिसते. दोन मित्र आपापले आकडे ताडून पाहतात आणि एकाची वस्तू अडीचपट वेगाने उतरते असा निष्कर्ष काढतात. त्यात दोष कुठेच नसतो. अप्लाइड एनर्जिस्टिक्स २ या मॉडमध्येही १ एई (त्याचे स्वतःचे एकक) म्हणजे २ एफई असे रूपांतर असल्याने तीच खबरदारी घ्यावी.

आकडा काय सांगतो

दर हाती आला, की संबंधित मॉडच्या कॉन्फिगमध्ये त्या वस्तूचा खर्च किती लिहिला आहे ते पाहावे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

ते तंतोतंत जुळले तर हा बहुधा दोषच नाही. वस्तूचा कोणता तरी मोड चालू राहिलेला आहे. लोखंडी जेटपॅकच्या आयर्न जेटपॅक्स या मॉडमध्ये इंजिन आणि होव्हर वेगवेगळे चालू-बंद करता येतात आणि हवेत तरंगताना एनर्जी जातच राहते. मेकॅनिझमच्या मेकासूट या चिलखतातील मॉड्यूल चालू असतील तर तीही खर्च करतात. अप्लाइड एनर्जिस्टिक्सचे वायरलेस टर्मिनल उघडे असताना अ‍ॅक्सेस पॉइंटपासून जितके दूर जाल तितका खर्च वाढतो, त्यामुळे घरात ठीक चालणारे टर्मिनल खाणीच्या दुसऱ्या टोकाला भराभर उतरले तर त्यात नवल नाही. मेकॅनिझमचे साधे जेटपॅक मात्र हायड्रोजनवर चालते. त्याची टाकी रिकामी होते म्हणून एनर्जीचा दोष शोधत बसू नये. आणखी एक साधे कारण असे, की सिंगलप्लेअरमध्ये एस्केप दाबल्यावर जग थांबते, पण तेच जग लॅनवर खुले केले की थांबत नाही. त्यामुळे ‘मी जेवायला गेलो होतो तेवढ्यात उतरले’ ही तक्रार लॅनवर खेळणाऱ्यांकडूनच जास्त येते.

दर कॉन्फिगच्या बरोबर दुप्पट निघाला तर प्रकरण वेगळे आणि खास ओळखीचे आहे. फोर्जमध्ये खेळाडूच्या प्रत्येक टिकची सूचना मॉडला दोनदा मिळते, एकदा टिकच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटी. मॉडकर्त्याने यांपैकी एकच टप्पा निवडण्याची अट लिहिलेली नसेल तर त्याचा कोड प्रत्येक टिकला दोनदा चालतो आणि खर्चही दोनदा होतो. वरील उदाहरणात कॉन्फिगमध्ये २० लिहिलेले असेल आणि मोजणीत ४० आले असेल, तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्यावा. निओफोर्जने पुढच्या आवृत्त्यांत या सूचनेचे दोन स्वतंत्र प्रकार केल्यामुळे तेथे ही चूक सहज होत नाही. दुपटीचे दुसरे कारण म्हणजे वस्तू दोन ठिकाणी मोजली जाणे: क्युरिओज या मॉडने दिलेल्या जादा खाचेत घातलेली वस्तू तिचा स्वतःचा मॉडही टिक करतो आणि जोडणी करणारा दुसरा मॉडही. वस्तू खाचेतून काढून हॉटबारमध्ये ठेवल्यावर दर निम्मा झाला, तर हे दुसरे कारण निश्चित मानावे.

एनर्जी दर टिकला न उतरता ठरावीक कृतीच्या वेळी उडी मारून उतरत असेल, तर सरासरी काढण्यापेक्षा त्या एका कृतीआधी आणि नंतर आकडा घ्यावा. रिफाइंड स्टोरेज या साठवणुकीच्या मॉडमधील वायरलेस ग्रिडला उघडणे, वस्तू आत टाकणे आणि बाहेर काढणे यांचा खर्च स्वतंत्र असतो. वस्तू आपोआप ओढून घेणारे मॉड सोबत असेल तर हा छोटा खर्च शेकडो वेळा होऊ शकतो.

आणि एकदम शून्य? येथे तीन शक्यता क्रमाने पाहाव्यात. क्राफ्टिंग टेबलावर वस्तूची पुढची पायरी बनवली असेल तर साध्या रेसिपीत मूळ वस्तूचा मजकूर नव्या वस्तूत जात नाही, मॉडकर्त्याने त्याची वेगळी सोय केली नसेल तर एनर्जी तेथेच संपते. मॉड अपडेट झाल्यावर किंवा कॉन्फिगमध्ये क्षमता कमी झाल्यावर जास्तीची एनर्जी कापली जाते. तिसरी शक्यता फार मोठ्या साठ्याच्या वस्तूंपुरती आहे: फोर्ज एनर्जीचे आकडे ज्या प्रकारात ठेवले जातात त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, आणि बेरीज ती मर्यादा ओलांडून गेली तर आकडा उणे होतो व पट्टी रिकामी दिसते. डेटा गेटच्या उत्तरात एनर्जीपुढे उणे चिन्ह दिसले, तर आणखी शोधण्याची गरज नाही.

जागा बदलून पाहावी

आता वस्तू साध्या लाकडी चेस्टमध्ये ठेवावी. कोणत्याही मॉडची पेटी किंवा बॅकपॅक नको. साध्या चेस्टमधील वस्तूंना टिक मिळत नाही, खेळाडूच्या इन्व्हेंटरीतील वस्तूंना मिळते. म्हणून चेस्टमध्ये मिनिटभर ठेवून परत हातात घेतल्यावर आकडा तोच राहिला, तर गळती इन्व्हेंटरीशी बांधलेली आहे. चेस्टमध्येही उतरली, तर त्या चेस्टला लागलेला एखादा पाइप, खाली ठेवलेले एखादे यंत्र किंवा जवळच्या वस्तूंवर परिणाम करणारा ब्लॉक शोधावा. चेस्ट मोकळ्या मैदानात ठेवून पुन्हा पाहावे.

इन्व्हेंटरीतही जागा बदलत जावे. मुख्य हात, दुसरा हात, हॉटबारचा न निवडलेला चौकोन, वरच्या रांगा, चिलखताची जागा, क्युरिओजची खाच, अशा प्रत्येक ठिकाणी एकेक मोजणी केली तर एक तक्ता तयार होतो. फक्त मुख्य हातात उतरते आणि इतरत्र नाही, तर हातातील वस्तूवर काम करणारे मॉड संशयित ठरतात. उदाहरणार्थ हातातल्या दिव्याचा उजेड पाडणारे किंवा हातातील अवजारावर अ‍ॅबिलिटी चढवणारे. सगळीकडे सारखीच उतरते तर वस्तूचा स्वतःचा मॉड संशयित.

१.२०.३ पासून पुढच्या आवृत्त्यांत ‘टिक फ्रीझ’ ही कमांड मिळते. ती यंत्रे, प्राणी, पाणी असे सगळे जग थांबवते. खेळाडूला मात्र थांबवत नाही, त्यामुळे त्याच्या इन्व्हेंटरीला टिक मिळतच राहते. जग गोठलेले असतानाही एनर्जी उतरली तर बाहेरची यंत्रे निर्दोष सुटतात. या अवस्थेत गेमटाइमही थांबलेला असतो, म्हणून येथे नाइलाजाने घड्याळावरच मोजावे.

नाहीशी होते की दुसरीकडे जाते

कित्येक वेळा एनर्जी गळत नाही, केवळ जागा बदलते. थर्मलच्या मॉडमधील फ्लक्स कपॅसिटर चालू स्थितीत ठेवला तर तो खेळाडूजवळच्या इतर वस्तूंना चार्ज करतो. मेकासूटमधील चार्ज डिस्ट्रिब्यूशन युनिटही सूटच्या भागांत आणि इन्व्हेंटरीत एनर्जी वाटते. अंगावर असे काही असताना एकाच वस्तूकडे पाहत राहिले तर तिची एनर्जी ‘गायब’ होताना दिसते. म्हणून सर्व एनर्जी असलेल्या वस्तूंची बेरीज आधी आणि नंतर करावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे तपासायची एकच वस्तू जवळ ठेवून बाकी सगळे चेस्टमध्ये टाकावे आणि पुन्हा मोजावे. वस्तू एकटी असताना उतरत नसेल तर बाकीच्या वस्तू एकेक करून परत घ्याव्यात.

याच विभागात मोडणारी, पण कमी ओळखीची एक चाचणी आहे आणि माझ्या मते ती सर्वांत उपयुक्त आहे. एका मॉडचे यंत्र दुसऱ्या मॉडच्या वस्तूतून एनर्जी घेते तेव्हा ते ‘एक्स्ट्रॅक्टएनर्जी’ या नावाने विनंती करते आणि तिच्यासोबत ‘सिम्युलेट’ हा हो-नाही प्रकारचा संकेत देते. संकेत ‘हो’ असेल तर वस्तूने फक्त ‘इतकी देऊ शकते’ एवढे सांगायचे असते, प्रत्यक्ष साठ्याला हात लावायचा नसतो. ‘नाही’ असेल तरच साठा कमी करायचा. वस्तूच्या कोडमध्ये हा संकेत तपासलेला नसेल, तर नुसती चौकशी झाली तरी एनर्जी जाते आणि ती कोणालाच मिळत नाही. अनेक मॉड दर टिकला अशी चौकशी करत असल्याने वस्तू बघता बघता कोरडी होते.

हे घरबसल्या तपासता येते. मेकॅनिझमचा एनर्जी क्यूब पूर्ण भरून घ्यावा, त्याला जोडलेल्या सर्व केबल काढाव्यात आणि संशयित वस्तू त्याच्या डिस्चार्ज करण्याच्या खाचेत ठेवावी. क्यूबमध्ये जागाच नसल्यामुळे वस्तूचा आकडा हलता कामा नये. तो हलला, तर चौकशी आणि प्रत्यक्ष उचल यांत गोंधळ आहे हे सिद्ध होते. दोष वस्तूचा की क्यूबचा हे ठरवण्यासाठी तिसऱ्या मॉडचे भरलेले यंत्र आणि दुसरी एखादी वस्तू घेऊन अदलाबदल करावी: जी वस्तू प्रत्येक यंत्रात उतरते ती दोषी. एककांच्या रूपांतरात अपूर्णांक गळून अगदी थोडी एनर्जी इकडेतिकडे होऊ शकते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

मॉड वेगळे करण्याची वेळ

इतके झाल्यावरही उत्तर मिळाले नाही, तरच मॉड काढण्या-घालण्याकडे वळावे. उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरत असेल तर उद्यमनगरातला जाणता इलेक्ट्रिशियन वायरिंग फाडत नाही. तो बॅटरीला मीटर लावतो आणि एकेक फ्यूज काढत काटा कधी पडतो ते पाहतो. येथे मीटर आपण आधीच लावलेला आहे, आता फ्यूज काढायचे आहेत.

फरक इतकाच की २०० मॉडच्या पॅकमध्ये एकेक काढत बसणे परवडत नाही, म्हणून सुरुवात उलट बाजूने करावी. रिकामा इन्स्टन्स घेऊन त्यात फक्त वस्तूचा मॉड, त्याला लागणारी लायब्ररी (ज्याच्या आधारे इतर मॉड चालतात तो सहायक मॉड) आणि कमांड चालतील असे नवे सुपरफ्लॅट जग एवढेच ठेवावे. येथेही तोच दर आला तर दोष त्या मॉडचाच आहे, शोध संपला. दर शून्य आला तर दोष दोन मॉडच्या भांडणात आहे. मग संपूर्ण पॅकच्या प्रतीत अर्धे मॉड बंद करावेत, मोजावे, आणि ज्या अर्ध्यात गळती राहते त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. २०० मॉड असले तरी अशा सुमारे ८ फेऱ्यांत एकावर येता येते. प्रिझममध्ये मॉडसमोरची खूण काढली की पुरते. हाताने करत असाल तर मॉडच्या जार फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डिसेबल्ड’ जोडावे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. आर्किटेक्टरी, क्लॉथ कॉन्फिग, गेकोलिब यांसारख्या लायब्ररी बंद केल्या तर त्यांच्यावर अवलंबून असलेले मॉड गेम सुरूच होऊ देत नाहीत, म्हणून त्या सर्व फेऱ्यांत चालूच ठेवाव्यात. आणि मॉड नसताना जुने जग उघडू लागल्यावर फोर्ज काही नोंदी सापडत नसल्याचा इशारा देते. पुढे गेलात तर त्या मॉडचे ब्लॉक आणि वस्तू त्या जगातून जातात. प्रतीवर काम करण्याचा आग्रह याचसाठी होता. आंधळेपणाने अर्धे करण्याआधी इन्व्हेंटरीत हात घालणारे मॉड, म्हणजे क्युरिओज जोडण्या, मॅग्नेट, बॅकपॅक, वर्गीकरण करणारे, वायरलेस चार्जिंगचे, एका गटात ठेवले तर दोनतीन फेऱ्या वाचतात. पॅकसोबत गेमचे नियम बदलणाऱ्या क्यूबजेएसच्या स्क्रिप्ट किंवा डेटापॅक असतील तर त्यांनाही मॉडइतकेच संशयित धरावे. पॅक बनवणाऱ्याने खर्च मुद्दाम वाढवलेला असणे अशक्य नाही.

लॉग्स फोल्डरातील ‘लेटेस्ट डॉट लॉग’ एकदा चाळावा. वस्तूच्या मॉडचे नाव शोधून त्यासोबत दर टिकला तीच तक्रार पुन्हा पुन्हा छापली जात असेल तर तिची नोंद घ्यावी. एनर्जीच्या दोषांत लॉग बऱ्याचदा गप्प असतो, कारण कोडच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते.

कॉन्फिग कुठली बदलायची

दोष सापडला आणि त्यावर दुरुस्त आवृत्ती अजून आलेली नसेल, तर तात्पुरता उपाय म्हणून कॉन्फिगमधील खर्च निम्मा करणे किंवा शून्यावर आणणे हाच मार्ग उरतो. येथे अनेक जण अडकतात, कारण ते मुख्य कॉन्फिग फोल्डरातील फाइल बदलतात आणि काहीच फरक पडत नाही. फोर्जमध्ये सर्व्हर प्रकारच्या कॉन्फिग १.२०.१ मध्ये प्रत्येक जगाच्या फोल्डरात, ‘सर्व्हरकॉन्फिग’ नावाच्या उपफोल्डरात असतात, आणि जग चालू असताना त्याच प्रभावी ठरतात. ‘डिफॉल्टकॉन्फिग्ज’मध्ये ठेवलेली फाइल फक्त नव्याने बनणाऱ्या जगात उतरते. मल्टिप्लेअरमध्ये खर्चाचा आकडा सर्व्हरच्या यंत्रावर बदलावा लागतो. इचलकरंजीत बसलेल्या खेळाडूने आपल्या संगणकावर काही केले तरी उपयोग नाही. बदल केल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पुन्हा तीच मोजणी करावी.

लाईट गेल्यावरचा गोंधळ

पावसाळ्यात मध्येच लाईट जाते आणि इन्व्हर्टर नसलेला डेस्कटॉप तत्क्षणी बंद पडतो. परत सुरू केल्यावर कोणाची वस्तू रिकामी दिसते तर कोणाची भरलेली, आणि त्यावरून गळतीची तक्रार येते. कारण असे, की सर्व्हर आपोआप जतन करतो ते ६,००० टिकनी, म्हणजे पूर्ण गतीत ५ मिनिटांनी. खेळाडूची माहिती ‘प्लेअरडेटा’ फोल्डरात आणि चेस्ट व यंत्रांची माहिती रीजन फाइलींत स्वतंत्रपणे जाते. चार्जरमधून जेटपॅक काढून अंगावर चढवल्यानंतर पुढचे जतन होण्याआधी लाईट गेली, तर जग मागच्या नोंदीवर परत जाते आणि चार्ज झालेली एनर्जी कागदावर कधी झालेलीच नसते.

अशा वेळी मॉड तपासण्यात वेळ घालवू नये. प्लेअरडेटामध्ये खेळाडूच्या फाइलशेजारी तिची आधीची प्रत ‘डॅट ओल्ड’ या शेवटासह असते. चालू फाइल खराब झाली असेल तर सर्व्हर बंद ठेवून तिच्या जागी ही प्रत लावता येते. सर्व्हरचा संगणक आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घेतले, तर निदान स्टॉप कमांड देण्याइतका वेळ मिळतो.

दोष कळवताना

मॉडचा कोड जेथे ठेवलेला असतो त्या गिटहबवरील तक्रारींच्या जुन्या, बंद केलेल्या नोंदींतही आधी शोधावे. बरेचदा दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालेला असतो आणि आपला पॅकच मागे राहिलेला असतो. नवी नोंद करायची झाल्यास इंग्रजी फार सफाईदार असण्याची गरज नाही. माइनक्राफ्ट, लोडर आणि मॉड यांच्या आवृत्त्या, कमीत कमी मॉडची यादी, दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि मोजलेला दर एवढे दिले, की काम होते. ‘जेटपॅक लवकर संपतो’ या वाक्याला कोणी उत्तर देईल याची खात्री नाही, पण ‘कॉन्फिगमध्ये २० असताना सर्व्हरवर दर टिकला ४० एफई जाते, क्युरिओजच्या खाचेत आणि हॉटबारमध्येही’ हे वाचल्यावर मॉडकर्ता थेट योग्य ओळीकडे जाऊ शकतो. ग्राफिक्स सुधारणारे ऑप्टिफाइन किंवा बकिट प्लगइन चालवणारे हायब्रिड सर्व्हर वापरत असाल तर त्यांच्याशिवाय दोष घडवून पाहावा, कारण पुष्कळ मॉडकर्ते त्यांच्यासह आलेल्या तक्रारी स्वीकारत नाहीत. लॉग जोडताना त्यातील संगणकावरचे वापरकर्तानाव, फोल्डरांचे पत्ते आणि सर्व्हरचा आयपी पत्ता पुसून टाकावा.

दुरुस्त जार आल्यावर ती आधी तपासणीच्या प्रतीत घालावी, मूळ मोजणी ज्या खाचेत आणि जितके टिक केली होती तशीच पुन्हा करावी, आणि दर कॉन्फिगशी जुळला तरच ती सर्व्हरवर आणि सर्व खेळाडूंच्या संगणकांवर एकाच वेळी बदलावी. जुनी जार फाइल आणि अपडेटच्या आधीची वर्ल्डची प्रत पुढच्या काही दिवसांच्या खेळात नवे काही बिघडत नाही असे दिसेपर्यंत ठेवावी. तात्पुरता उपाय म्हणून सर्व्हरकॉन्फिगमध्ये खर्चाचा आकडा बदललेला असेल तर तो मूळ किमतीवर आणण्यास विसरू नये.